पळणारा क्वार्टरबॅक

मी घाबरट होतो, हे आधीच सांगून टाकतो. पुढे माझ्या वेगाचं कौतुक येणार आहे, तेव्हा वाचणाऱ्याची फसगत नको. आम्ही न्यूझीलंडमधल्या हॅमिल्टनला राहायचो त्या वर्षांत मला खेळताना पाहिलेल्या कुणालाही विचारा, तो म्हणेल, निनाद काय पळायचा! पळायचोच मी. पण कुत्रा मागे लागला की कुणीही पळतं. माझ्या मागे शंभर-शंभर किलोची पोरं असायची, आणि खरं सांगायचं तर बरेचदा ती मला वाटायची तेवढी जवळही नसायची. आता गुडघे कुरकुरतात, जिना चढताना कठडा धरावा लागतो, आणि तरी कधी मागून भराभर पावलं वाजली की माझे खांदे आपोआप वर जातात. परवा सुपरमार्केटात एक लहान मुलगी तिच्या आईला गाठायला मागून धावत आली, तर हातातली दुधाची बाटली सुटली माझ्या. बिचारीने मलाच सॉरी म्हटलं.

आमच्या घरी रविवार सकाळी सहाला सुरू व्हायचा. बाबा दूध पावडरच्या कारखान्यात इंजिनिअर होते, पण त्याआधी, लग्नाच्याही आधी, त्यांनी अमेरिकेतल्या एका विद्यापीठात दोन वर्षं काढली होती आणि तिथून ते एक डिग्री आणि एक व्यसन घेऊन परतले होते. व्यसन अमेरिकन कॉलेज फुटबॉलचं, चेंडू हातात घेऊन पळायच्या खेळाचं. अमेरिकेतल्या शनिवार दुपारचे सामने आमच्याकडे रविवारी सकाळी दिसायचे. बाबा लॅपटॉपची वायर टीव्हीला जोडायचे, त्यांच्या विद्यापीठाचा विटका स्वेटशर्ट चढवायचे आणि चित्र अडकलं की उठून राउटरला चापट मारून यायचे. बाहेर पत्र्यावर पाऊस, आत हीट पंपाची घरघर, समालोचकाचा आरडाओरडा आणि स्वयंपाकघरातून कांदा परतल्याचा वास. आईला हॉस्पिटलच्या लॅबमधल्या नोकरीत आठवड्यातून एकच सकाळ झोपायला मिळायची, ती या गोंधळात जायची. मग ती पोह्यांच्या बशा आणून आदळायची आणि उभ्या उभ्या दोन मिनिटं बघायची. "अहो, तो बघा कसा आपटला! मान मोडली असेल त्याची. आणि आपलंही कार्टं हेच खेळायला जातं." बाबा टीव्हीवरची नजर न हलवता म्हणायचे, "अगं, हेल्मेट असतं." आईचं त्यावर कधी समाधान झालं नाही.

आमचं भांडण ठरलेलं असायचं. ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो, की क्वार्टरबॅक म्हणजे ज्याच्या हातात चेंडू येतो तो. त्याला झोपवायला समोरचे सगळे धावून येतात. त्याचे पाच धिप्पाड सोबती त्याच्यापुढे अर्धगोल करून उभे राहतात आणि येणाऱ्यांना अडवतात. त्या अर्धगोलाच्या आतली बैठकीच्या खोलीएवढी जागा म्हणजे पॉकेट. काही क्वार्टरबॅक तिथेच उभे राहतात, सगळं मैदान डोळ्यांनी चाळतात आणि शेवटच्या क्षणी चेंडू लांब फेकतात. काही जण अर्धगोल फाटतोय असं वाटलं की चेंडू काखोटीला मारून स्वतःच पळत सुटतात. बाबा पहिल्यांचे भक्त. दुसऱ्यांना ते सरळ पळपुटे म्हणायचे. मी म्हणायचो, बाबा, जग बदललं. पळणारा असला की समोरच्यांना दोन गोष्टींचा विचार करावा लागतो. आत्ता बघा, काहीच हाताशी नसताना त्याने दहा यार्ड काढले. बाबा चित्र मागे न्यायचे, चमच्याने पडद्याचा कोपरा दाखवायचे. "दहा काढले. आणि इथे हा एकटा उभा आहे हात वर करून, मोकळा. तो दिसला का याला? पळायला लागला की माणसाला फक्त वाट दिसते, निनाद. बाकी काही दिसत नाही." मी तावातावाने वाद घालायचो, कारण मी स्वतःचीच बाजू मांडत होतो. बाबांना ते कळत होतं की नाही, कुणास ठाऊक.

न्यूझीलंडमध्ये हा खेळ खेळणारे मूठभर. शाळेच्या रग्बी संघात मी वजनाने मार खाल्ला होता, तेव्हा बाबांनीच ऑकलंडच्या दक्षिणेला ओटाहुहूजवळ एक क्लब शोधून काढला. दर शनिवारी ते मला गाडीत घालून दीड तास न्यायचे आणि दीड तास परत आणायचे. क्लबमध्ये बहुतेक मुलं टोंगन, सामोअन, माओरी. मला मैदानात बघून कोच आधी हसले. मग मी चाळीस यार्ड चेंडू फेकला आणि त्यांनी बाबांना विचारलं, याला आणखी भाऊ आहेत का. बाबांनी तिपाई लावून प्रत्येक सामन्याचं चित्रण करायचं काम आपणहून अंगावर घेतलं. परतताना आम्ही ओटाहुहूतल्या फिजी-इंडियन, म्हणजे पिढ्यानपिढ्या फिजीत राहिलेल्या भारतीयांच्या, दुकानात शिरायचो. बाबा तिथल्या काकांशी हिंदीत गप्पा मारत तूरडाळ, कढीपत्ता, हिरव्या मिरच्या घ्यायचे. हे दुकान लक्षात ठेवायला हवं होतं, आम्ही दोघांनी.

तिथे मला सिओने भेटला. तो माझ्याच वयाचा, टोंगन, दारातून आत येताना खांदा तिरपा करावा लागेल असा. तो अर्धगोलाच्या डाव्या टोकाला उभा राहायचा. उजव्या हाताने फेकणाऱ्याची पाठ त्या बाजूला असते, म्हणजे मला न दिसणाऱ्या बाजूची राखण सिओनेकडे. बोलायला मऊ, हसला की डोळे मिटायचे. आईने डब्यात दिलेले पराठे मी दोन खायचो आणि तो सहा. त्याला एकच गोष्ट हवी होती, अमेरिकेत जाऊन कॉलेजसाठी खेळायची. तिकडच्या एका आडगावातल्या छोट्या कॉलेजच्या कोचने त्याच्या खेळाचं चित्रण मागवलंही होतं. निवडक दहा डाव पाठव, म्हणाले होते. ते निवडायचं आणि जोडायचं काम बाबांकडे होतं. त्याच्या घरात त्याच्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नव्हतं. मॅच संपली की तो घाम पुसत पहिला बाबांकडे जायचा. "अंकल, आजचा एखादा चालेल?"

भीतीचं सांगतो. ती चेंडू हातात आल्यावर सुरू व्हायची नाही, शुक्रवारीच सुरू व्हायची. गाडीत बाबा डावपेच समजावत असायचे आणि मी खिडकीबाहेर गायी मोजत असायचो. मैदानात हेल्मेट चढवलं की स्वतःचाच श्वास कानात घुमायचा. बाबांनी मला शिकवलं होतं, की चेंडू आला की मनात तीन मोज, तीनपर्यंत हलायचं नाही, बघायचं, मग फेकायचं. मी एक म्हणायचो, आणि दोन म्हणायच्या आत पाय निघालेले असायचे. आणि गंमत अशी की ते खपून जायचं. मी निसटायचो, लोक ओरडायचे, कोच माझी पाठ थोपटायचे. "मोबाइल क्वार्टरबॅक, दॅट्स व्हॉट वी गॉट!" म्हणायचे; मोबाइल म्हणजे पळता येणारा. माझ्या भित्रेपणाला इंग्रजीत इतकं छान नाव आहे म्हटल्यावर मी ते लावून घेतलं. बाबा मात्र परतीच्या वाटेवर कधीतरी हळूच विचारायचे, "आज तीन मोजलेस का?" मी हो म्हणायचो.

आकड्यांची युक्ती बाबांची. डाव सुरू होण्याआधी क्वार्टरबॅक आपल्या गड्यांना ओरडून खूण देतो, आता चेंडू फेकणार की घेऊन घुसणार. तीच खूण परत परत ऐकली की समोरच्यांना ती कळते. बाबा म्हणाले, मराठीत ओरड. कुणाच्या बापाला कळणार नाही. मग एका शनिवारी बाबांनी मैदानाच्या कडेला पाच आडदांड मुलांना बसवून मराठी आकडे शिकवले. सात म्हणजे फेकणार, तीन म्हणजे उजवीकडून घुसणार, पाच म्हणजे डावीकडून. सिओने 'पाच' इतकं सुंदर म्हणायचा, की बाबांनी ते फोनवर रेकॉर्ड करून पुण्याला आत्याला पाठवलं. अर्धा हंगाम ही युक्ती बिनबोभाट चालली. बाबांची छाती फुगली होती.

मग तो सामना आला. समोरचा संघ तगडा, आणि त्यांच्यात आमच्या डाव्या अंगाने धावून येणारा एक काटक, लांब हातांचा मुलगा. नाव अविनेश. पहिले दहा-बारा डाव तो नुसता बघत होता. मग मी "सात!" म्हणून ओरडलो आणि तो एक क्षणही न थबकता थेट माझ्यावर आला. सिओनेला पाऊल मागे घ्यायलाही वेळ मिळाला नाही. माझी पाठ जमिनीला लागली, छातीतली हवा गेली. पुढच्या वेळी परत सात, परत तोच. तिसऱ्या वेळी तर त्याने मला उठायला हात दिला आणि हेल्मेटच्या जाळीतून हसून म्हणाला, "गिनती तो हमार आजी भी सिखाइस, भैया." फिजी-इंडियन! दर शनिवारी ज्यांच्या दुकानातून आम्ही कढीपत्ता घेत होतो, ज्यांच्याशी बाबा तासभर हिंदी बोलत होते, त्यांच्या घरातही सात म्हणजे सातच असतो हे आम्हा दोघा शहाण्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. ती माणसं आमच्या लेखी आपल्यातली नव्हती, असं आता मला वाटतं, आणि लाज वाटते.

मी कोचना सांगितलं. ते आधी पोट धरून हसले, मग म्हणाले, ठीक, आता इंग्रजी रंगांची नावं वापरू. म्हणजे युक्ती फसली आणि लगेच सावरलीसुद्धा. त्यानंतर अविनेशला परत विचार करून निघावं लागत होतं आणि सिओने त्याला दर वेळी अडवत होता. हे मला आता सांगता येतं, कारण मी ते नंतर चित्रणात पाहिलं. तेव्हा मला फक्त त्याची पावलं ऐकू येत होती. तो नव्हता तिथेही ऐकू येत होती.

शेवटच्या भागात फेकायचा डाव होता. चेंडू हातात आला. मी एक म्हटलं. डाव्या बाजूला, पाठीमागे कुठेतरी, मला धापा ऐकू आल्या. आला, सिओनेच्या हातून सुटला, असं मला वाटलं. वाटलं कसलं, खात्रीच झाली. उजवीकडे सगळं मोकळं असताना मी घाबरून डावीकडे, सिओनेच्या पाठीला घासत पुढे पळालो. समोरून एकाने माझ्या पायांवर झेप टाकली आणि आम्ही दोघे सिओनेच्या मागच्या पायावर कोसळलो. एक आवाज झाला. तो मी लिहिणार नाही. सिओने ओरडला नाही, त्याने फक्त गवत मुठीत धरलं.

हॉस्पिटलमध्ये त्याच्या नडगीत सळई घालायची ठरली. संध्याकाळी मी आणि बाबा आत गेलो तेव्हा त्याला गुंगी होती. कोपऱ्यात त्याची आई पुटपुटत प्रार्थना म्हणत होती. त्याने मला पाहिलं, आणि मी तोंड उघडायच्या आधी तोच म्हणाला, "सॉरी, ब्रो. आय लॉस्ट माय मॅन." माझ्या हातून माझा गडी सुटला, मला माफ कर. त्याला त्याच्या मागचं काहीच दिसलं नव्हतं. तो समजत होता, की अविनेश त्याच्या हातून निसटला, म्हणून मला पळावं लागलं. मी त्याचा हात धरला आणि म्हणालो, "इट्स ऑल गुड." इतकी नीच गोष्ट मी आयुष्यात दुसऱ्या कुणाला म्हटलेली नाही.

तो आठवडा मी कसा काढला ते सांगता येत नाही. कॅमेरा पिशवीतच होता. मला भीती होती ती त्याचीच. बाबा तो कधी बाहेर काढतात, याकडे मी डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत असायचो. पुढच्या रविवारी सकाळी त्यांनी स्वेटशर्ट घातला नाही. टीव्हीला वायर जोडली आणि आमचाच सामना लावला. हातात कागद होता, सिओनेचे डाव निवडायचे होते. शेवटचा डाव आला. बाबांनी पाहिला. मागे नेला, परत पाहिला. मग ते मोठ्याने मोजायला लागले. एक. दोन. तीन. चार. चार म्हणेपर्यंत सिओनेने अविनेशला छातीने रोखून धरलं होतं, लोणी लावल्यासारखा तो तरुण इकडून तिकडून घसरू बघत होता आणि सिओने तसूभर हलत नव्हता. त्या संपूर्ण हंगामात त्याने केलेलं ते सगळ्यात सुंदर काम होतं. पॉकेट शाबूत होतं. उजवीकडे आमचा एक गडी मोकळा उभा होता. आणि मी, एकनंतर लगेच, वेड लागल्यासारखा उलट्या दिशेला निघालो होतो.

मी मार खायच्या तयारीने बसलो होतो. बाबांनी मला कधी मारलं नव्हतं, पण त्या दिवशी मला ते हवं होतं. बाबांनी चित्र थांबवलं. मग म्हणाले, "हा डाव नको घ्यायला. शेवटी पाय मोडतो त्याचा. कुठलं कॉलेज हे बघून घेईल त्याला?" ते बरोबरच बोलत होते. मग ते थोडं पुढे वाकले, बाण त्या फाइलवर नेला आणि आवाज खाली आणून म्हणाले, "आणि हे ठेवायचंच कशाला? क्लबमधल्या कुणी उगाच बघायला नको." मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांच्या कपाळावर घाम होता. दहा वर्षं दर रविवारी मला उभं राहायला शिकवणारा माणूस माझ्यासाठी पळत होता. त्या क्षणी मला मैदानातल्यापेक्षा जास्त भीती वाटली. वाटलं, हे आता पुसून गेलं तर मी जन्मभर असाच राहीन.

"डिलीट नका करू, बाबा."

"अरे, तो स्वतःच म्हणतोय ना, त्याच्या हातून सुटला म्हणून?"

"सुटला नव्हता. तुम्हीच आत्ता चार मोजलेत."

बाबांनी हात मागे घेतला. आई दारात उभी होती, तिने किती ऐकलं होतं कोण जाणे. ती म्हणाली, "जाऊन दाखव त्याला. आत्ता जा. उद्यावर टाकलंस तर तू जायचा नाहीस, मी ओळखते तुला." आणि आत जाऊन ती डब्यात रव्याचे लाडू भरायला लागली.

गाडी बाबांनीच चालवली. सिओनेच्या घरी चर्चहून आलेली माणसं जेवून नुकतीच गेली होती, खोलीत नारळाच्या दुधाचा आणि शिजलेल्या पानांचा वास होता. बूट काढून बाबा चटईवर बसले. सिओने सोफ्यावर, पाय उशीवर. त्याच्या आईने माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि इतक्या लांबून आल्याबद्दल माझे आभार मानले. मी लॅपटॉप त्याच्या मांडीवर ठेवला. हे बघ, एवढंच म्हणू शकलो. दार माझ्या उजव्या हाताला होतं, चार पावलांवर. तेही मी मोजलं होतं.

पुढचं इथेच सांगून टाकतो. कॉलेजला पाठवलेल्या चित्रणात तो डाव बाबांनी पहिला लावला, पाय मोडण्याच्या क्षणाआधी थांबवून. त्या कॉलेजने त्या वर्षी दुसऱ्याच कुणाला घेतलं. पाय बरा व्हायला वर्ष गेलं, मग दुसऱ्या एका त्याहून लहान कॉलेजने सिओनेला बोलावलं. तो तिथे दोन हंगाम खेळला, पहिल्या परीक्षेत नापास झाला, दुसऱ्या वेळी पास झाला आणि परत आला. आज तो ओटाहुहूमध्येच असतो आणि मुलांना शिकवतो. बाबा गेले तेव्हा खांदा द्यायला तो माझ्या पुढे होता. पण त्या दुपारी यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

त्याने डाव पाहिला. परत पाहिला. तिसऱ्यांदा बघताना त्याचं बोट पडद्यावर स्वतःच्याच पाठीवर होतं. "आय हॅड हिम," तो म्हणाला. धरला होता मी त्याला. मग टोंगनमध्ये आईला काहीतरी म्हणाला, तेच असणार, कारण तिने तोंडावर पदरासारखा हात धरला आणि ती रडायला लागली. तोही रडला. आठवडाभर तो स्वतःला दोष देत पडून होता. मग त्याने डोळे पुसले आणि पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. त्याला खरंच कळत नव्हतं.

"मग तू कुठे निघाला होतास?"

खाली बाबा बसले होते. त्यांच्यासमोर मी हे कधीच बोललो नव्हतो. कुणासमोरच नव्हतो.

"मी घाबरलो होतो," मी म्हणालो. "मी नेहमीच घाबरलेला असतो. पहिल्या मॅचपासून."

बाबांनी मान वर केली नाही. सिओने म्हणाला, "माझी तर पाठ असते ना तुझ्याकडे, ब्रो. मला कसं दिसणार? सांगायचंस. मी ओरडत राहिलो असतो, धरलाय त्याला, धरलाय, म्हणून."